मालकाच्या हाताची बंदूक

"आश्रुबामामा, ही बंदूक हाय का रुसलेली सून? बघायलीय एकीकडं, जायलीय दुसरीकडं!"

सटवाजीच्या बोलण्यावर सगळे पहारेकरी हसले. समोर बांधावर मडकं जसंच्या तसं बसलं होतं. उजव्या अंगाच्या कडब्याच्या गंजीनं मात्र सकाळपासून बऱ्याच गोळ्या खाल्ल्या होत्या.

वाड्याची हत्यारं राखणारा म्हातारा आश्रुबा हसला नाही. बंदूक वाकडी का मारते हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच ती तशी बसवली होती.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. निजामाचं राज्य डुगडुगत होतं आणि रात्री कोण कुणाच्या नावानं दार ठोठावील, सांगता येत नव्हतं. म्हणून चुडाव्याजवळच्या या गावात आबासाहेब देशमुखांनी पहारेकरी जमवले आणि पिस्तुलाच्या गोळ्या खाणारी ही ठेंगणी कारबीन पैदा केली. कुठून, ते विचारायची पद्धत नव्हती.

पद्धत दुसरी होती. पहारा सुरू व्हायच्या आधी मालकानं नव्या हत्यारानं नारळ फोडायचा. एकदा नारळ फुटला, की वर्षभर त्या हत्याराला अवजार लावायचं नाही; लावलं तर घराण्यावर अरिष्ट. आबासाहेबांचा नेम मुलखात गाजलेला. गोळी सुटताना ते डोळे मिटून बंदूक डावीकडं ओढतात, हे फक्त आश्रुबाला माहीत. उभा जन्म तो वाड्यातली प्रत्येक बंदूक तेवढीच उजवीकडं मारील अशी बसवत आला होता. मालकाचा नारळ कधी चुकला नाही. इतरांचं सगळंच चुकायचं, पण इतरांना नेम नसतोच, असं आबासाहेबांचं मत होतं.

आजवर त्यामुळं कुणाचं बिघडलं नव्हतं. फार तर एखादं रानडुक्कर वाचायचं.

दुपारी सगळे भाकरीला पांगले. मागं आश्रुबाचा मुलगा मुंजाजी राहिला. आज रात्रीपासून फाटकावर ही बंदूक घेऊन त्यालाच उभं राहायचं होतं.

"बा, रात्री कुणी आलं तर म्या काय कडब्याला मारू?"

आश्रुबानं कमरेची पितळी हातोडी काढली. नळीच्या टोकाला माशी होती, नेम धरायचा बारीक लोखंडी दाणा. गोळी जिकडं जाते तिकडंच माशी सरकवायची, एवढी एकच विद्या त्याच्याजवळ होती. उजवीकडं एक टिचकी. मुंजाजीनं गोळी झाडली. गोळी मडक्याच्या काठाला चाटून गेली. आणखी एक टिचकी, अगदी हळू. मडकं फुटलं.

"आन् मालकाचा नारळ?" मुंजाजीनं विचारलं.

"तू गप ऱ्हाय."

उन्हं कलल्यावर गाव जमलं. आबासाहेबांनी मिशीवर हात फिरवला, नेम धरला, डोळे मिटले. डावीकडच्या बाभळीची फांदी खाली आली. नारळ शेंडीसकट शाबूत.

गाव पडलेल्या फांदीकडं बघू लागलं.

"मालक, चूक माझी हाय," आश्रुबा पुढं झाला. "डोळ्याला दिसंना झालंय आता. माशी वाकडी बसली."

मुंजाजीनं तोंड उघडलं. बापानं त्याच्याकडं असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"दिसत न्हाई तर आधी सांगावं माणसानं!" आबासाहेबांचा चेहरा सैलावला. दोष सापडला होता. "उद्यापासून गोठ्यात बस. आन् ही घे रे पोरा, माशी सरळ कर आन् काय फुटतंय का बघ."

बापाची हातोडी माशीवर नुसती टेकवून मुंजाजीनं गोळी झाडली. नारळ फुटला. पाणी मातीत गेलं.

"बापाला जमलं न्हाई ते पोरानं करून दावलं!" सटवाजी ओरडला. आबासाहेबसुद्धा हसले. आता वर्षभर बंदुकीला कुणी अवजार लावणार नव्हतं.

पहिलं खोबरं हत्यार राखणाऱ्याला द्यायची रीत होती. आजवर ते आश्रुबाच्या ओंजळीत पडायचं. पुजारी सवयीनं त्याच्यासमोर थांबला, मग ओशाळून पुढं सरकला आणि तुकडा मुंजाजीच्या हातावर ठेवला. मुंजाजी तो धरून नुसता उभा राहिला.

"खा की," आश्रुबा म्हणाला, आणि रिकामी ओंजळ धोतराला पुसून गोठ्याकडं वळला.