दारावरचे मास्तर

“मास्तर, दार!” काउंटरवरच्या ताई ओरडल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी दार अर्धवट उघडून रस्त्याकडे बघत राहिलोय आणि एक आजीबाई फटीत अडकल्यात. मी दार सबंध ओढलं. आजी आत गेल्या. थँक्यू नाही, साधी मान हलवणं नाही. एरवी मी ऐकवलंच असतं. आज गप्प राहिलो. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

मास्तर म्हणतात म्हणून मी काही शाळेतला नाही. या तपासणी केंद्राच्या दारावर बावीस वर्षं उभा आहे. दार काचेचं आणि भलतंच जड, सोडलं की धाडकन मिटतं. धरलेल्या दारातून जो महाराजांसारखा निघून जातो, त्याच्या पाठीवर मी टोमणा मारतो, “वेलकम हं साहेब!” लोक ओशाळतात, वळून थँक्यू म्हणतात, ‘मास्तरांनी धडा दिला’ म्हणून काउंटरवर हशा पिकतो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

मंगळवारी एक चष्मेवाले गृहस्थ रिपोर्टचं पाकीट घेऊन निघाले. मी दार धरलं. ते असे गेले, जणू मी खांबच. माझं डोकं सणकलं. “काय साहेब, थँक्यू घरी विसरलात वाटतं?”

ते थांबले. परत आले. माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, “चुकलं. थँक्यू.” मग बाहेर जाऊन शेवटच्या पायरीवर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मी हसत ताईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. “अहो मास्तर, मी त्यांना ‘आजच दाखवा’ म्हटलं होतं. ऐकलं नाहीत?”

आमच्याकडे रिपोर्ट कसा आला ते कुणी सांगत नाही. पाकीट देताना ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच म्हणतात. ‘आजच दाखवा’ म्हटलं, की आम्ही सगळे समजतो आणि आवाज खाली आणतो. मी आपला स्वतःच्या तोऱ्यात होतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “त्याला स्वतःची काळजी काय कमी आहे? तुमचं बोलणं केव्हाच विसरला असेल तो.” तसं असतं तर बरं झालं असतं. शुक्रवारी दहाला त्यांची पुढची तपासणी आहे, हे मी वहीत बघून ठेवलं होतं. माफी कशी मागायची, ते तीन दिवस मनात घोकत होतो.

आज शुक्रवार. दहा वाजले, सव्वादहा झाले. मग एक बाई आल्या. मी दार धरलं. त्या न विसरता थँक्यू म्हणाल्या आणि काउंटरवर गेल्या.

“आमच्या ह्यांची दहाची वेळ होती. रद्द करा.”

“रद्द करून कसं चालेल?” ताई म्हणाल्या. “त्याशिवाय उपचार सुरू होणार नाहीत.”

“कळतंय हो मला. पण ते खाली गाडीत बसलेत. म्हणतात, तिथे पाय टाकणार नाही. दारावरच्या माणसानं सगळ्यांदेखत झापलं म्हणे.”

मी पुढे झालो. “बाई, तो माणूस मीच.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “मग तुम्हीच घेऊन या त्यांना.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दार सोडून पायऱ्या उतरलो. ते मागच्या सीटवर बसले होते, मांडीवर फाइल घट्ट धरून. मी काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

“साहेब, माझ्या तोंडाला लगाम नाही. शिव्या घाला, तक्रार करा, पण तपासणी चुकवू नका हो.” घोकलेलं बाकी सगळं विसरलो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “भीती वाटते हो. तुमची नाही. घरी काहीतरी सांगायचं म्हणून तुमचं नाव पुढे केलं.”

मी गाडीचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. मागचा गाडीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. वाजव म्हटलं. शेवटी त्यांनी एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. माझा खांदा धरून एकेक पायरी चढले.

वर त्यांच्या बायकोनं ते जड दार दोन्ही हातांनी रेटून धरलं होतं. ते तिच्याकडे न बघता, काही न बोलता आत गेले. ती त्यांच्या पाठीकडे बघत तशीच उभी राहिली. “तुम्ही जा आत,” मी म्हणालो, आणि तिच्या हातातलं दार मी धरलं.