आचाऱ्याचे जहाज

"श्वास आत ओढ," तो म्हणाला, आणि तिच्या कमरेला गुडघा टेकवून त्याने पाठीवरची चेन दोन्ही हातांनी वर खेचली. "अजून."

"अजून ओढला तर आतच राहील."

चेन एकदाची मानेपर्यंत पोहोचली. रबराच्या त्या काळ्या पोशाखात ती वळली, हात वरखाली करून पाहिले. डाइव्हिंग सेंटरच्या मागच्या खोलीत ओल्या रबराचा वास कोंडला होता. भिंतीवर जगभरच्या बुडालेल्या जहाजांचे फोटो होते. एकाच्या पोटात मोटारसायकली ओळीने उभ्या, एकाच्या तोफेवर प्रवाळ माजलेले. सकाळपासून तो या फोटोंसमोर येरझारा घालत होता.

"ही सगळी अपघाताची," तो म्हणाला. "आमचं मुद्दाम बुडवलंय."

हे तो अशा सुरात म्हणाला, की जणू त्यात मोठा मान होता.

तो मालवाहू जहाजांवर आचारी होता. नोकरीतली शेवटची बरीच वर्षे या एकाच जहाजावर गेली. ती गावच्या सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मुले तिला शिट्टीबाई म्हणत. जन्म समुद्रावर काढूनही त्याला पोहता येत नव्हते. "जहाजावरच्या माणसावर पोहायची वेळ आली म्हणजे कारभार आटोपला," असे तो सुट्टीवर आला की पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे हसत.

निवृत्त होऊन घरी आल्यावर तो खुर्चीत स्थिर असा बसलाच नाही. त्यात जुन्या सोबत्याचा फोन आला. मालकांनी जहाज विकले होते. त्यातले तेल, दारे, काचा काढून ते इथे, किनाऱ्यापासून थोडे आत, सरळ उभे बुडवले होते. मासेही येतील आणि ते बघायला माणसेही. तेव्हापासून तो पाणबुड्यांनी काढलेले व्हिडिओ बघत बसे. कुणा परक्याच्या दिव्याचा झोत जहाजाच्या बोळांतून फिरताना दिसला की मोबाइल तिच्या नाकासमोर धरी. "हे बघ, इथून डावीकडे. मूर्ख माणूस, उजवीकडे काय वळतोय?"

शेवटी तीच म्हणाली होती, "चला, बघूनच येऊ." पण बघणार कोण, हा प्रश्न इथे आल्यावर पडला. पोहता न येणाऱ्याला एवढ्या खोल नेत नाहीत.

"तू जा," तो म्हणाला होता. "तुझं काय, तू मासळीच आहेस."

होडीत त्याने तिला पुन्हा सगळे समजावले. जहाजाच्या मागच्या बाजूची इमारत, पहिला मजला, डाव्या अंगाला स्वयंपाकघर. ओव्हनची जागा बघ. त्याच्या वरची फळी बघ. भांड्यांच्या कड्या आहेत का बघ. ती मान हलवत राहिली. तिला खाली नेणारा मास्तर, दाढीत पांढरे डोकावणारा शांत माणूस, दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"काका, आत नाही जायचं आपल्याला," मास्तर म्हणाला. "पहिलीच वेळ आहे त्यांची. भिंत कापून मोठी भोकं पाडलीत, तिथून बघता येईल."

"बाहेरून कसं कळणार?"

"अहो, कळेल," ती म्हणाली आणि तिने मुखवटा डोळ्यांवर ओढला.

पाणी डोक्यावरून मिटले. तलावाला तळ असतो, तळाला फरश्या असतात, फरशीवर काळी रेघ असते. इथे खाली नुसता हिरवट उजेड होता आणि त्याला अंत दिसत नव्हता. कानात दडे बसले. तिने दोरी घट्ट धरली. इतक्या वर्षांत पाण्याची भीती कशी असते, ते ती मुलांच्या डोळ्यांत बघत आली होती. आज ती तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असणार. मास्तरने बोटांनी नाक दाबून दाखवले, मग हाताचा पंजा हळू खालीवर केला. हळू. तिनेही कित्येक मुलांना अगदी असाच पंजा दाखवला होता. ती नळीतून श्वास ओढू लागली, सोडू लागली.

मग खालून डोलकाठी वर आली, तिच्यामागून जहाज.

कठड्यावर शेवाळ होते. जिथे दार असायचे, तिथून पिवळे मासे एकेक करून बाहेर पडत होते, कामाची पाळी संपल्यासारखे. मास्तर तिला डाव्या अंगाला घेऊन गेला. भिंतीत चौकोनी भोक होते. त्याने आत दिव्याचा झोत टाकला.

"आमच्या किचनमध्ये क्रिकेट खेळता येईल," हे तिने सुट्टीसुट्टीला ऐकले होते. मुले लहान होती, तापाने फणफणत होती, तलावावरून ती धावत घरी यायची, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ते ऐसपैस, लखलखीत स्वयंपाकघर यायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

आत दोन पोलादी ओटे समोरासमोर होते. मधे एक माणूस उभा राहिला, तर वळताना त्याचे कोपर आपटेल, एवढीच वाट. खिडकी नव्हती. फळी वाकून लोंबत होती आणि कड्यांमध्ये एकही भांडे नव्हते. झोत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि लगेच संपला. तिने भोकाच्या दोन्ही कडांना हात लावले आणि तशीच राहिली. इतकी वर्षे जिच्यावर चिडले, ती जागा ही.

मास्तरने खुणेने विचारले, ठीक? तिनेही खुणेने ठीक म्हटले. आता कड्या मोजायला हव्या होत्या, बाकीचे बघायला हवे होते. पण ती वळली. कठड्यापलीकडे निळे उघडे पाणी होते आणि त्यात चंदेरी माशांचा मोठा थवा एकाच वेळी वळला, पुन्हा वळला. तिने कठडा सोडला. पायांतले रबरी पंख हळूच हलवले. मास्तरने दोनदा खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ती थांबली.

वर यायला वेळ लागला. प्रवाहाने त्यांना होडीपासून दूर नेले होते.

"एवढा वेळ?" ती शिडीला हात घालते न घालते तोच तो ओरडला. त्याचा चेहरा उतरला होता. "काही पद्धत आहे का? खाली काय झालं, कुठे गेलीस, वर माणसाला काय कळणार?"

"काका तर उडी मारायच्या बेतात होते," होडीवाला हसत म्हणाला. "मी म्हटलं, पोहता येतं का? तर म्हणे नाही."

तिने त्याच्याकडे बघितले. त्याने होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याने कड्यांचे विचारले नाही. फळीचेही नाही.

"किचन लहान आहे हो फार," तीच म्हणाली.

तो समुद्राकडे वळला. म्हणाला, "गरम व्हायचं."

"सांगितलं नाहीत कधी."

"सांगून काय, तू पंखा लावणार होतीस?"

तिला हसू आले. तोही हसला, पण अर्धाच. तिने केस पिळले. मास्तर टाक्या बांधत होता.

"मास्तर, तो डाइव्हिंगचा पूर्ण कोर्स किती दिवसांचा म्हणालात?"

"चार. उद्यापासून सुरू करता येईल."

"माझं नाव घाला."

होडी वळली. तो तिच्याकडे बघत होता, काहीतरी चुकीचे ऐकल्यासारखा. "आपलं परतीचं तिकीट उद्याचं आहे."

"तुम्ही जा पुढे. शनिवारी नळवाला येणार आहे, घरी कुणीतरी हवं."

"आणि तू कधी येशील?"

"कळवते."

इंजिनाचा आवाज वाढला. किनाऱ्यावरची घरे दिसू लागली. तो बाकावर सरकला, उठला, पुन्हा बसला. मग जरा पुढे वाकून, होडीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारले,

"कुठला नळ?"

ती टॉवेलने कान पुसत होती.

"रात्री झोप लागली नाही, की ठिबकताना ऐकू येतो."