पेशंटची उजवी बाजू

“हलू नको ना, आई,” म्हणत हर्षदाने शिंप्याच्या खडूने शोभाबाईच्या पोटावर, जुन्या गाऊनवरच, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढल्या. नऊ चौकोन झाले. तळवे पुढे करून ताठ उभं राहायचं, असं लेकीने बजावलं होतं. नर्सिंगच्या पुस्तकात माणूस म्हणे असाच उभा असतो.

“भीक मांगाले उभी से असं वाटस,” शोभाबाई हसली. साड्यांना टिकल्या चिकटवून तिच्या बोटांवर गोंदाची सालं धरली होती. लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या त्या खोलीत निम्मी जमीन अजून साड्यांनीच अडवली होती. पण उद्या लेकीची पहिली तोंडी परीक्षा, म्हणून काम बाजूला सारलेलं.

हर्षदा एकेका चौकोनावर बोट ठेवून आत काय आहे ते सांगत होती. यकृत, जठर, आतडी. मग म्हणाली, “आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, आपलं नाही. हा खालचा चौकोन माझ्या डाव्या हाताला आहे, पण ती तुझी उजवी बाजू. इथे अपेंडिक्स.”

शोभाबाईचं हसू थांबलं. तो शब्द तिला ठाऊक होता. तिचा नवरा मगन त्यानेच गेला होता. पोटात फुटून.

कापड विणायच्या लूमच्या खडखडाटाने मगनचे कान गेले होते. डॉक्टर गुजरातीत भराभरा विचारायचा, ह्याला ऐकू यायचं नाही, म्हणून कायम तीच बोलायची. त्या दिवशी तो दवाखान्यातल्या बाकावर पोट धरून दुमडलेला, ती समोर उकिडवी बसून शेकायची पिशवी दाबत होती. दुखणं तिच्या डाव्या हाताखाली होतं. डॉक्टरने बाजू विचारली, तिने डावी सांगितली. गॅसच्या गोळ्या मिळाल्या.

“मी डावी सांगी व्हती,” ती म्हणाली. “तुना बापनी नही. मी मनी डावी सांगी.”

हर्षदाने खडू खाली ठेवला. बाप गेला तेव्हा ती अंगणवाडीत होती. तिने विचारलं, डॉक्टरने पोटाला हात लावून पाहिला होता का?

नव्हता. खुर्चीतून उठलाच नव्हता. कशाला उठेल? घामाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येणारा कारागीर, त्याला कोण हात लावतो. गोळ्या दिल्या की पुढचा. आणि अशा डॉक्टरला सगळी रांग साहेब म्हणते.

“आई, मी आत्ता कुठे पहिल्या वर्षाला आहे,” हर्षदा म्हणाली. “पण आम्हालाही हे शिकवलंय. पेशंट काहीही सांगू दे, हात लावून बघायचं.”

शोभाबाईने लेकीचा हात धरला आणि त्या खालच्या चौकोनावर नेला.

“आठे?”

“आठेच.”

हर्षदाने बोटं हलकेच दाबली, शिकवलं होतं तशी, आईच्या चेहऱ्याकडे बघत. “दुखतं का?”

“दुखस,” शोभाबाई म्हणाली.

हर्षदाने हात काढला नाही. शोभाबाईचा दुसरा तळवा अजून पुढेच होता, पुस्तकातल्या माणसासारखा.