चिंचेखाली उभी बस

उन्नती तामोरे हायड्रोजनवर चालणारी बस चालवायला लागली, तेव्हा मुरबे गावातल्या बायका तिच्या आईला विचारायच्या, "काशीबाय, ती गाडी फुटत तर नाय ना?" तारापूरच्या एखाद्या कारखान्यात स्फोट झाला की आवाज कुठवर जातो, हे त्या भागात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बस चाचणीची होती. पालघर स्टेशन ते बोईसरची एमआयडीसी, तिकीट नाही. गॅसच्या टाक्या छतावर, आणि मागून धुराऐवजी नुसती वाफ. प्रशिक्षणात निमेश नावाच्या इंजिनिअरने सांगितलेली एक गोष्ट मात्र उन्नतीच्या डोक्यातून जात नव्हती. "हा गॅस पेटला तर भर दिवसा ज्वाळा दिसत नाही. धूर नाही, वास नाही. दिसत नाही म्हणजे आग नाही, असं समजू नका."

मार्चमधल्या एका सकाळी काशीबाई पहिल्यांदाच लेकीच्या बसमध्ये चढली. तिला बोईसरला बहिणीकडे जायचं होतं. गुडघे दुखत होते, तरी पुढे न बसता ती शेवटच्या सीटवर जाऊन बसली. पुढे बसून लेकीचं लक्ष उडेल, अशी तिला धास्ती.

उमरोळी मागे पडलं आणि बेटेगावच्या अलीकडे स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला. गॅसगळतीचा भोंगा वाजू लागला. तिने बस रस्त्याकडेच्या चिंचेखाली थांबवली, मुख्य बटण बंद केलं, दोन्ही दारं उघडली.

"उतरा सगळे! बसपासून लांब पळा!"

"अहो ताई, कसला वास नाही, काही नाही," शिवाजी नावाचा फिटर कुरकुरला. तो मूळचा बार्शीकडचा. "आमची शिफ्ट चुकंल की!"

"काका, उतरा म्हणते ना!"

इतक्यात छतावर सूं सूं आवाज सुरू झाला. मग फटाका फुटावा तसा आवाज झाला, आणि त्यामागोमाग घरघराट. कान बधिर झाले. आता कुणी काही विचारलं नाही. माणसं एकमेकांना ढकलत उड्या टाकून शेताच्या बांधापर्यंत पळाली. उन्नतीही पळाली. बांधावर पोचून तिने वळून पाहिलं. आई कुठेच नव्हती.

बस जशीच्या तशी उभी होती, पांढरी, स्वच्छ. वर निरभ्र आकाश. तेच फार भयंकर वाटत होतं. आग कुठे आहे, केवढी आहे, खाली उतरतेय का, काहीच कळत नव्हतं. तरी ती धावली.

आत भट्टीसारखी धग होती. छताच्या झरोक्याचं प्लास्टिक मऊ होऊन लोंबत होतं. काशीबाई सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"आये, ऊठ!"

"माजे पायच हालत नाय गो. तू जा. तू जा आधी."

उन्नतीने तिची बोटं एकेक करून सोडवली, काखेत हात घातले आणि मागच्या दाराने तिला ओढत बाहेर काढलं. दोघी पायऱ्यांवरून खाली आपटल्या. शिवाजी वाकून धावत आला. दोघांनी मिळून काशीबाईला बांधापर्यंत नेलं.

तेवढ्यात मोटरसायकलवरून आलेला एक तरुण मोबाइल वर धरून बसकडे चालत निघाला.

"मागे हो!" उन्नती किंचाळली. "आग लागलीय!"

"कुटं हाय आग? काय दिसत तर नाय!"

शिवाजीने त्याची कॉलर धरून त्याला वर बघायला लावलं. बसवरच्या चिंचेची हिरवी पानं आक्रसत होती. आक्रसून काळी पडत होती, आणि राख होऊन उडत होती. एक फांदी नुसतीच धुमसायला लागली. तरुणाच्या हातातून मोबाइल पडला.

टाकी रिकामी झाल्यावर आवाज थांबला. जळाली ती फक्त चिंच. निमेश आला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता. "सुरक्षा झडप सदोष होती, नको तेव्हा उघडली," तो म्हणाला. "पण गॅस वर गेला, खाली साठला नाही. हा हलका असतो म्हणून सगळे वाचलात."

"सोडशील ना आता ही नोकरी?" त्या दिवशी घरी काशीबाईने विचारलं. तिच्या दंडावर उन्नतीच्या बोटांचे वळ उठले होते.

झडपा बदलून, तपासण्या होऊन बस पुन्हा सुरू झाली आणि उन्नती कामावर गेली. तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं, तरी बसमध्ये चढणारी माणसं तीच असणार होती. काशीबाई मात्र त्यानंतर बोईसरला रिक्षानेच जाऊ लागली.

परतल्यावरच्या पहिल्याच फेरीत उमरोळीच्या थांब्यावर उन्नतीने दार उघडायचं बटण दाबलं. हवेच्या दाबाने दार सरकताना सूंऽऽ झालं, आणि तिचा हात बटणावरच थबकला. खाली एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन उभी होती.

"चढू ना, ताई?" तिने विचारलं.

उन्नतीने आधी वर, झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. पानं नुसती वाऱ्याने हलत होती.

"चढा," ती म्हणाली, "पण पुढंच बसा. दाराजवळ."