कोमट पाइप

“पाइपाला हात लावून काय बघता, वन्सं? ताप आलाय का त्याला?”

भावजयीचा टोमणा ऐकूनही नणंदेने हात काढला नाही. “गारढोण आहे, वहिनी. तुझा पंप झोपलाय.”

भाऊ होता तोवर काचघराचा बॉयलर नणंदच पेटवायची. नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा भावाने तिच्या हातात फावडं दिलं आणि म्हणाला, “ही भट्टी आजपासून तुझी.” त्यामुळे या घरात ती कधी फुकटची जेवली नाही. पाइपावर तळहात ठेवायचा. चटका बसला की रोपं सुखरूप, हा तिचा हिशेब. भाऊ गेला आणि भावजयीने अंगणात खोल भोकं पाडून हा पंप बसवून घेतला.

“आत्या, जमिनीत खोलवर कडाका पोचत नाही,” मिस्त्रीने समजावलं होतं. “तिथली थोडी थोडी ऊब पाणी वर आणतं, पंप ती वाढवतो. पाइप कोमटच राहणार. पण आता तो वाफ्यांच्या पोटातून जातो ना, मुळांना तेवढं पुरतं.”

नणंदेने मान डोलावली. पटलं मात्र नाही. बॉयलर भंगारात जाणार होता. त्याच्या मागोमाग आपला नंबर, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

त्या दिवशी काचांवर हिमाचा थर होता. वाफ्यांत टोमॅटोची रोपं होती, भावाने जाण्याआधी निवडून ठेवलेल्या बियांची. भावजय बाजारात गेल्यावर नणंदेने वाफ्याबाहेर उघडा असलेला पाइप पुन्हा चाचपला. हाताला काहीच लागेना. अडीअडचणीसाठी बॉयलरची जोडणी अजून शाबूत होती. तिने भट्टी पेटवली, व्हॉल्व्ह फिरवला. घटकाभरात पाइपाने असा चटका दिला की तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी भावजय परतली, तेव्हा रोपांनी माना टाकल्या होत्या. तिने एक उपटलं. मुळं उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत झाली होती.

“जगवायला गेले होते गं.”

“मला खोटं पाडायला गेला होतात. त्यांच्या हातचं बी होतं, वन्सं. एकही शिल्लक नाही आता.”

“मग जाते मी.”

“कुठे जाल? आधी हे वाफे उपसा.”

दुसऱ्या दिवशी भंगारवाले बॉयलर घेऊन गेले. व्हॉल्व्हचा दांडा तर भावजयीने आदल्या संध्याकाळीच काढून नेला होता.

नणंद गुडघे टेकून मेलेली रोपं उपटत होती. माती उकरताना पाइप उघडा पडला आणि तिच्या मनगटाची आतली बाजू त्याला टेकली. ती थबकली. तळहात ठेवून पाहिला: काही नाही. पुन्हा मनगट टेकवलं. ऊब होती. चटके खाऊन खाऊन राठ झालेल्या तळव्याला ती कळतच नव्हती.

“काय झालं?” दारातून भावजयीने विचारलं.

“काही नाही.”

तिने बाही खाली ओढली, पाइपावर माती लोटली आणि पुढचं रोप उपटलं.