जुनं कापड चालत नाही

धारूरच्या योगिताने वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचा वर्ग काढला, तेव्हा चार बायका जमल्या तरी तिला कोण आनंद व्हायचा. पुढे ती मोबाइलवरून शिकवायला लागली, पुण्या-नाशिकच्या बायका आल्या आणि हिचं जेवणखाण सुटलं. एका हातात सुई, दुसऱ्यात फोन. मान धरली, डोळे चुरचुरायला लागले. शेवटी भाची सायलीने फोनवर एआय बसवून दिला. कुणी काही विचारलं की योगिताच्या नावाने तोच उत्तर द्यायचा. नियम मात्र योगिताने स्वतः सांगितले होते. त्यातला एक, वापरलेलं जुनं कापड चालत नाही. शहरातल्या बायकांना म्हणे त्याचा वास येतो! वाकळ मुळात जुन्याचीच असते, हे शिकवणारीच विसरली.

वर्ग वाढला आणि बाई दुपारी चक्क ताणून द्यायला लागली. आल्यागेल्याला एआयचं कौतुक ऐकवायची.

अशाच एका दुपारी सिरसाळ्याहून चतुराबाई आली. धनगराची म्हातारी. योगिता लहान असताना तिच्या बापाच्या रानात हिची आणि हिच्या नवऱ्याची, सटवाआबांची, मेंढरं खतासाठी बसायची, तेव्हा हिनेच तिच्या हातात पहिली सुई दिली होती.

"या आत्या! सटवाआबा कसे हायत?"

म्हातारी बघतच राहिली. "आगं, कळिवलं हुतं की तुला. शेजारच्या पोरीनं फोनवर लिहून धाडलं. म्हातारं गेलं. त्याच्या धोतराची, पटक्याची वाकळ करावी म्हनलं. मला आता दोरा ओवता येत न्हाई, तू संगं बस."

"मंग?" योगिताने विचारलं.

"तूच म्हनलीस की, ऐकून वाईट वाटलं मॅडम, पन जुनं कापड चालत न्हाई." म्हातारीने पिशवीतून फुलाफुलांचं कोरं कापड काढलं. "म्हनून नवं आनलं. ह्ये चालंल ना?"

"आन आबांचं धोतर?"

"भांडेवालीला दिऊन टाकलं. तुला जास्त कळतं."

योगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नव्हे, फोन बोलला, असं तिच्या ओठांवर आलं. पण फोनला पढवलं कुणी? वाचलेल्या वेळात तिला एक निरोप वाचता आला नव्हता, उशी मात्र सापडली होती. स्वतःचीच लाज वाटून तिला मान वर करवेना.

"आत्या, त्यो निरोप मी बघितलाच न्हाई. मशीननं उत्तर दिलं. पन नियम माजाच हाय. लई चुकलं माजं."

चतुराबाईने कोरं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजी मला मॅडम म्हननारी तू न्हवंस?"

"न्हाई आत्या."

"मंग बरं हाय. तेवढंच मनाला लागलं हुतं बघ." म्हातारीने कमरेच्या पिशवीतून सुई काढून पुढे धरली. "घे, ओव दोरा."

योगिताने सुई घेतली. पण डोळ्यांत पाणी आलं होतं, तिलाही दोरा ओवता येईना.