सत्तावीस वेळा एक किलो

खरं सांगतो, विमान दोन सीटचं व्हायचं होतं. मी आणि विक्की, दोघांचं. नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत आम्ही एकाच लाइनवर होतो. सुट्टीच्या दिवशी यूट्यूब बघून सगळं शिकलो. मग त्याचं लग्न झालं, तो चाकणला गेला. फोन कमी झाले. मी नकाशातली दुसरी सीट खोडली.

पुढची तीन वर्षं एकटाच. पवनानगरला हौशीराम आबांच्या गोठ्याशेजारी शेड. ॲल्युमिनियमचे पाइप, वरून ताणलेलं कापड, अठ्ठावीस हॉर्सपॉवरचं इंजिन. रिकामं विमान एकशेपंधरा किलो, मी साठ, पेट्रोल आठ. पंच्याण्णव मीटर पळालं की चाकं सुटणार.

यंदा भात काढल्यावर आबांनी बांध सपाट करून रान पर्यटकांच्या तंबूवाल्यांना दिलं. सलग एकशेचाळीस मीटर, पुढं धरणाचं पाणी. सोमवारी तंबू लागणार. म्हणजे रविवारपर्यंत उडायचं. नंतर एवढी सपाट जागा मला कोण देणार?

शुक्रवारी पळवलं. शेपूट उचललं, चाकं नाही. परत पळवलं. नाही.

इंजिन बरोबर, प्रोपेलर बरोबर. राहिलं वजन. एक चाक काढून गोरखभाऊच्या भाताच्या गिरणीवर नेलं. सगळे भाग तिथंच मोजले होते. काट्याचे आकडे त्याच्या बाजूला. तो वाचायचा, मी लिहायचो.

“तीन,” गोरखभाऊ म्हणाला.

मी पहिल्यांदाच पलीकडून वाकून बघितलं. “चार दिसतंय की.”

“मग? बारदान कोण वजा करणार, तुजा आजा?”

“चाकाला पोतं कुटंय, भाऊ?”

तो चाकाकडं बघत राहिला. “सवय हाय रं. तीस वर्सं पोतीच मोजतोय.”

“परत्येक वेळी वजा केलं?”

“व्हय.”

“मला काट्यावर उभं केलंतं तवाबी?”

“तूबी पोतंच की!” तो हसला. मग माझं तोंड बघितलं. “लय चुकलं का रं?”

सत्तावीस भाग मोजलेले. अठ्ठाविसावा मी. अठ्ठावीस किलो जास्त.

शनिवारी निघेल ते काढलं. पुढची काच, बॅटरी, सेल्फ. पेट्रोल निम्मं. नऊ किलो गेले, एकोणीस राहिले. नव्या हिशोबानं एकशेसतरा मीटर लागत होते, समोरून वारा मिळाला तर शंभर. शंभरावर काठी रोवून लाल फडकं बांधलं. तिथं चाकं सुटली नाहीत तर बंद करायचं, नाहीतर पाण्यात. विक्कीला मेसेज टाकला, उद्या सातला ये. त्यानं वाचला.

रविवारी आबा म्हैस घेऊन कडेला उभे. “पडलास तर पान्यात पड. हितं पडलास तर तंबूवालं पळत्याल.”

सव्वासातपर्यंत रस्त्याकडं बघितलं. वारा पडायला लागला तशी दोरी ओढून इंजिन चालू केलं.

फडकं मागं गेलं. चाकं जमिनीवरच. थ्रॉटल मागं घ्यायला हवा होता, नाही घेतला. शहाणपणा नव्हता तो. थांबून परत शेडमध्ये एकटा काय करू, एवढंच डोक्यात होतं.

खडखड बंद झाली. खाली पाणी, चाकांपासून हातभर.

हळूहळू चढलं. तिकोना किल्ला बाजूला सरकला. मी काहीतरी ओरडलो, इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. धरणावर एक मोठा फेरा, सहा मिनिटं. रस्ता वरून लांबपर्यंत दिसतो. एक दुधाचा टेम्पो होता, बाकी कोणी नाही.

उतरताना आपटलं, चाकाचा पाइप वाकला. आबा आले.

“माजं घर दिसलं का रं?”

“दिसलं. पत्र्यावर तुमची एक चप्पल पडलीय.”

“आयला! म्हईनाभर हुडकतोय मी.” ते विमानाभोवती एक चक्कर मारून आले. “आजून येकदा जातोस?”

“पाइप वाकलाय, आबा.”

“मग उद्या?”

“उद्या तंबू.”

“व्हय की,” ते म्हणाले आणि म्हशीच्या मागं गेले.

मी शेपूट खांद्यावर घेतलं आणि ओढायला लागलो. शेडपर्यंत चार वेळा खाली ठेवावं लागलं.